कॅसेटच्या शेवटी उरलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. बहारीनमध्ये, गुदैबियातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, कपड्यांच्या कपाटावर माझा मुक्काम असतो. माझ्या एका अंगाला रिकाम्या सुटकेसी आहेत आणि दुसऱ्या अंगाला नाताळात बाहेर निघणारा गोठ्याचा देखावा, जुन्या चादरीत गुंडाळलेला. माझं एक बटण तुटलं आहे, झाकण उघडत नाही आणि पोटात एक कॅसेट अडकून बसली आहे. ती काढायची खटपट या घरात कुणी करत नाही. का करत नाही, ते सांगायचं तर मला पहिल्यापासून सांगावं लागेल.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पट्ट्यावर रांगेनं पुढं सरकत होतो एवढंच. नंतर खोक्याचा अंधार, जहाजाचे हेलकावे आणि एकदम मनामाच्या बाजारातला लखलखाट. दुकानाच्या काचेमागे उभा राहून मी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे ऐटीत बघत असे. नवेपणी सगळ्यांनाच थोडी मिजास असते, मलाही होती. १९७५ च्या नाताळाआधी एक सडपातळ माणूस आत आला. दुकानदारानं त्याला गाणी ऐकवायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "गाना नहीं मंगता. इसमें अपना आवाज भरता है ना?"

हा आलोशियस. वसईचा माणूस, इथल्या एका हॉटेलच्या सामानघरात कारकून होता. त्याची बायको कॅरोलिन हॉस्पिटलात नर्स होती आणि सहा वर्षांची मुलगी बेनिटा नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. त्या काळी वसईला फोन लावायचा म्हणजे अर्धा दिवस त्यातच जायचा, आणि कॅरोलिनच्या आईला लिहितावाचता येत नव्हतं. लेकीचं पत्र शेजारणीकडून वाचून घ्यायचं म्हणजे सगळ्या आळीला घरातली बातमी. म्हणून मला आणलं होतं.

पहिल्या दिवशीची गंमत सांगतो. मला टेबलावर ठेवलं, खिडक्या लावल्या, आणि एसीचा घोंघाट आत येऊ नये म्हणून एसी बंद केला. तिघंही घामानं निथळत माझ्यासमोर बसली. आलोशियसनं लाल बटण दाबलं, आणि कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. शेवटी कॅरोलिन खाकरली आणि फोनवर बोलावं तशी माझ्याशी बोलू लागली, "हॅलो, आय? मी कॅरोलिन. बरी हाय ना तू? गुडघा कसा हाय?" एवढं विचारून ती थांबली. खरंच थांबली, समोरून उत्तर येणार असल्यासारखी! आलोशियस तोंडावर रुमाल धरून हसत होता. पण ती सवय तिची शेवटपर्यंत गेली नाही. प्रश्न विचारला की ती उत्तरापुरती जागा सोडायचीच.

कॅसेट मग सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी सामानातून वसईला जायची. आजी ती ऐकायची, चार दिवस पुन्हा पुन्हा ऐकायची, आणि मग त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून परत पाठवायची. तिकडे शेजारी राहणाऱ्या पायसकडे माझ्यासारखाच एक टेपरेकॉर्डर होता. आजीच्या उत्तरात मागे कोंबड्या असायच्या, केळीच्या वाडीतला पाण्याचा पंप असायचा, देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा असायची. इकडे ते ऐकून झालं की कॅरोलिन पुन्हा त्यावरच बोलायची. असं हे चक्र चालायचं. एकीचा आवाज आला की दुसरीचा पुसला जायचा, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. गेला तर गेला, माणूस आहेच की पुन्हा बोलायला.

मित्रांनो, कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत दोन इवलेसे प्लास्टिकचे तुकडे असतात. तो तुकडा मोडला की त्या बाजूवरचा आवाज कायमचा राहतो. मग माझं लाल बटण कितीही दाबा, ते दबतच नाही. या घरात तो तुकडा कधी कुणी मोडला नाही. उलट बाजारातून आणलेल्या गाण्यांच्या कॅसेटचा मोडलेला असला, तर आलोशियस त्या भोकावर चिकटपट्टी लावायचा आणि गाण्यांवर आजीसाठी निरोप भरायचा. कॅसेटवर चिठ्ठीही नसायची. पुसलंच जाणार त्यावर नाव कशाला घालायचं, असा त्याचा हिशेब.

ते दिवस माझे सुखाचे होते. शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपून वसईकडची इतर माणसंही यायची, आपापल्या घरी निरोप भरायची. कुणी हसायचं, कुणी मध्येच रडायला लागायचं, कुणी तान्ह्या पोराला चिमटा काढून त्याचा आवाज ऐकवायचं. जाताना सगळे माझ्यावरून हात फिरवायचे. "काय साफ येतो हो आवाज!" म्हणायचे. मी फुगून बसायचो.

फक्त बेनिटा माझ्याशी बोलत नसे. लहान होती तोवर एखादी कविता म्हणायची, इंग्रजीतली. पुढे शाळेत मोठी होत गेली तशी तीही थांबली. घरातलं वसईचं बोलणं तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं. कॅरोलिन म्हणायची, "आजीशी चार शब्द बोल गे बाय." ती म्हणायची, "ममा, आय साउंड फनी." आणि पुस्तकात डोकं घालायची. आपलं मराठी ऐकून वसईची भावंडं हसतील अशी तिला भीती होती. एकदा सुट्टीत हसली होती, ते तिच्या मनातून गेलं नव्हतं.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. आईबरोबर हॉस्पिटलात जाऊन जाऊन तिनं ते मनाशी पक्कं केलं होतं. अमेरिकेत तिची सेलिन मावशी राहत होती. तिच्या गावी बारावीनंतर सरळ प्रवेश देणारं एक वैद्यकीय महाविद्यालय होतं. बेनिटानं तिथं यायचं, आपल्या घरी राहायचं, असं मावशीनं कळवलं होतं. घरात दुसरा विषय नसे.

१९८५ च्या जूनमधला एक शुक्रवार. एसी बंद करून सगळी घामाघूम बसली होती आणि कॅरोलिन आईला वॉर्डातली एक गोष्ट सांगत होती. मला तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता, म्हणून तुम्हांला सांगतो.

तिच्या वॉर्डात खदिजा नावाची एक म्हातारी बहारीनी बाई होती. पोटाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणायचे, उठा, चाला, नाहीतर छातीत कफ भरेल. ही बाई भिंतीकडे तोंड फिरवायची. डॉक्टर, नर्सा, वॉर्डबॉय, सगळे तिच्या डोक्यावरून इंग्रजीत बोलायचे. म्हातारी हट्टी आहे, तिला काही समजत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी शाळेला सुट्टी म्हणून बेनिटाही आईबरोबर गेली होती आणि दाराजवळच्या बाकावर बसली होती. कॅरोलिन खुर्ची ओढून खदिजाजवळ नुसती बसली. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. बऱ्याच वेळानं म्हातारीनं आपल्या केसांना हात लावला आणि दाराकडे, पुरुष उभे होते तिकडे, पाहिलं. कॅरोलिनच्या लख्ख ध्यानात आलं. तिची स्वतःची आईसुद्धा परक्या माणसासमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय अंगणात पाऊल टाकत नसे. तिनं कपाटातून खदिजाची अबाया, तो काळा अंगभर झगा, आणून तिच्या डोक्यावरून घातला. म्हातारी उठली आणि तिचा हात धरून दारापर्यंत चालत गेली.

"तिला सगळं समजत होतं, आय," कॅरोलिन सांगत होती. "कुणी बसून विचारलंच नव्हतं."

ही कॅसेट घेऊन जाणाऱ्या माणसाची सुट्टी आयत्या वेळी रद्द झाली. कॅसेट माझ्या खालच्या खणात पडून राहिली. पुढच्या महिन्यात कॅरोलिनला कावीळ झाली. हॉस्पिटलात दुसऱ्यांची काळजी घेता घेता कुठून तरी ती तिच्या रक्तात शिरली होती. आजारी माणसांना उठवून चालवणारी बाई तीन आठवड्यांत गेली.

त्या घराची काय अवस्था झाली ते मी काय सांगू? मला रडता येत नाही, पण माझ्यासमोर दोन माणसं रडताना मी पाहिली आहेत, आणि दोघं एकमेकांपासून लपवून रडत होती. वसईहून आजीची एक कॅसेट आली. आलोशियसनं ती लावली. तिच्यात आजी बोललीच नव्हती. कोंबड्या होत्या, पाण्याचा पंप होता, आणि एका म्हाताऱ्या बाईचा श्वास होता. ती नुसती बसून राहिली होती. आलोशियसनं ती परत पाठवली नाही, तिच्यावर काही भरलंही नाही. बायकोची न गेलेली कॅसेट खणात आहे हे त्याला ठाऊक होतं. ती ऐकायचा त्याला धीर होत नव्हता. त्यानं खण लावून टाकला, आणि वर्षभर मला कुणी हात लावला नाही.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात, अमेरिकेतून सेलिन मावशीनं प्रवेशाचा अर्ज पाठवला. बेनिटा तेव्हा बारावीत होती. गुण चांगले होते, शिफारसी झाल्या होत्या. अडलं होतं ते एका निबंधावर. प्रश्न असा होता, की आमच्या वर्गात निरनिराळ्या मुलखांतली, निरनिराळ्या घरांतली मुलं असावीत असं आम्हांला वाटतं; तुमच्या येण्यानं या वर्गात कोणती भर पडेल?

बेनिटा दुसऱ्या मजल्यावरच्या नीला आंटींकडे गेली. या पुण्याच्या. त्यांचे यजमान शिरीष इंजिनियर होते आणि त्या स्वतः एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी सांगितलं, "लिही, आणि मोठ्यानं वाच. तुमच्याकडे टेपरेकॉर्डर आहे ना? त्यावर टेप कर आणि परत ऐक. जिथे आपली आपल्यालाच लाज वाटेल, तिथे खोड." सल्ला चांगलाच होता. मी आजही त्यांना दोष देत नाही.

शनिवारी दुपारी बेनिटानं खण उघडला. आत पाच-सहा कॅसेटी होत्या, कुणावर नाव नव्हतं. या घरातली कॅसेट म्हणजे भरायची कॅसेट, हे तिच्या अंगवळणीच पडलं होतं. तिनं वरची उचलली, माझ्या पोटात घातली, मागे फिरवली. मित्रांनो, ती कोणती कॅसेट आहे हे मला पहिल्याच फेऱ्यात कळलं. पण मला फितीवर असेल तेवढंच बोलता येतं, तेही कुणी बटण दाबलं तर. मी काय करणार होतो? तिनं लाल बटण दाबलं. पाठीवरचा तुकडा शाबूत होता. बटण दबलं.

निबंध भारी होता. 'वाळवंट आणि समुद्र जिथे भेटतात त्या बेटाची मी कन्या आहे,' अशी त्याची सुरुवात. मग ईद, नाताळ आणि दिवाळी एका दमात. मोती काढणारे पाणबुडे, मसाल्यांचा सुगंध, संधिप्रकाशातले उंट. एसी घरघरत होता, तो बंद करायचं तिला सुचलंही नाही. एकदा वाचून तिचं समाधान झालं नाही म्हणून तिनं लगेच पुढे दुसऱ्यांदा वाचलं, सावकाश. प्रत्येक वाक्याबरोबर खालून कॅरोलिनचं एक एक वाक्य पुसलं जात होतं. ईद आली तेव्हा खदिजाचं भिंतीकडे तोंड फिरवणं गेलं. उंट आले तेव्हा अबाया गेली.

संध्याकाळी नीला आंटी वर आल्या. त्यांनी ऐकलं. बेनिटाचं वाचन संपताक्षणी तिनं चटकन बटण दाबून मला बंद केलं. स्वतःचा आवाज कुणाला आवडतो?

"तू उंटावर कधी बसली आहेस का गं?" नीला आंटींनी विचारलं.

"नो, आंटी."

"निदान जवळून पाहिलायस?"

"झूमध्ये. वन्स."

"मग तो इथे कशाला आणलास? हे सगळं दुकानातल्या पोस्टकार्डांवर छापलेलं असतं. यात बेनिटा कुठे आहे?"

बेनिटा हिरमुसली. पण पोरगी जिद्दीची. आठवडाभरात तिनं दुसरा निबंध लिहिला, आईच्या मरणाचा. तो मात्र तिनं टेप केला नाही, टेबलाशी बसून वाचून दाखवला. नीला आंटींनी पदरानं डोळे टिपले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे खरं आहे. पण बाळा, वाचणारा रडेल आणि कागद खाली ठेवून देईल. त्यांनी विचारलंय, तू वर्गात बसलीस तर शेजारच्या मुलाला तुझ्याकडून काय मिळेल? आई गेली कशी, ते त्याला सांगू नकोस. आई काय करायची, आणि ते बघून तू काय शिकलीस, ते सांग. एकच दिवस घे. एकच प्रसंग. पण तुझ्या डोळ्यांनी पाहिलेला."

बेनिटा एकदम उठली. "खदिजा!" म्हणाली. "ममानं ते सगळं सांगितलं होतं. आजीला. ऑन द टेप!"

तिनं खण उपसला. एक कॅसेट लावली, गाणी. दुसरी, आजीचा तो श्वास. तिसरी, कुणाच्या तरी बारशाचा गोंगाट. शेवटी तिनं निबंधाची कॅसेट पुन्हा लावली, आणि माझ्या तोंडून तिचाच आवाज आला, 'वाळवंट आणि समुद्र जिथे भेटतात...' ती बटण दाबायला गेली आणि तिचा हात तिथंच थांबला. तिला संशय आला होता. तिनं ते सगळं पुढे चालू दिलं. ईद, पाणबुडे, उंट, पुन्हा ईद, पुन्हा उंट, आणि मागे एसीची घरघर. दुसरं वाचन संपलं. खट्ट झालं. घरघर एकदम थांबली. आणि त्या शांततेत कॅरोलिन बोलली.

"...बेनिटा हितंच बसलीय, आय. तिला समजतं सगळं. बोलत नाय, एवढंच. बोल गे बाय, आजीशी बोल."

मग उत्तरापुरती जागा. त्या जागेत खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. कुणी बोललं नाही. मग आलोशियसचा आवाज, "यल्ला, एसी लावा आता, मी उकडून मेलो!" आणि कॅरोलिनचं हसू, अर्धं. फीत तिथं संपत होती.

बेनिटा जमिनीवर बसली. नीला आंटी तिला जवळ घ्यायला गेल्या, पण ती दगडासारखी बसून राहिली. "आय इरेज्ड हर," एवढंच ती म्हणत होती. "ओव्हर अ कॅमल. ओव्हर अ स्टुपिड कॅमल."

आलोशियस ड्युटीवरून आला तेव्हा ती तशीच बसली होती. त्याला सगळं समजायला वेळ लागला नाही. मला वाटलं, हा माणूस आता ओरडेल. तो खुर्चीवर टेकला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, "जाऊ दे, बाय. चिठ्ठी मी लावायला पाहिजे होती. माझ्याच्यानं ऐकवत नव्हतं म्हणून मी खण लावून बसलो." आणि थोड्या वेळानं, "काय काय सांगत होती ती, आठवतं तुला?"

"लिटल बिट," बेनिटा म्हणाली. मग थांबली. आणि या घरात मी कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं. ती म्हणाली, "थोडं थोडं. तुम्ही सांगा, पपा. मी पण सांगते."

दोघं बोलत बसली. बेनिटाचं मराठी अडखळत होतं, शब्दांची लिंगं गडबडत होती, अधूनमधून इंग्रजी घुसत होती. आलोशियस हसला नाही. त्याला अबाया आठवत होती, खुर्ची आठवत नव्हती. तिला खुर्ची आठवत होती, म्हातारीचा केसांकडे गेलेला हात आठवत होता. मला सगळंच आठवत होतं, आणि मी मुका बसलो होतो. दोघं एक एक तुकडा आणून जोडत होती. सगळे तुकडे काही मिळाले नाहीत. "तिला सगळं समजत होतं, कुणी बसून विचारलंच नव्हतं," हे वाक्य दोघांनाही आठवलं नाही. ते माझ्याशिवाय आता कुणाजवळ नाही, म्हणून तुम्हांला सांगून ठेवलं.

उठताना आलोशियसनं कॅसेट बाहेर काढली, खिशातली किल्ली घेतली आणि पाठीवरचा तो प्लास्टिकचा तुकडा मोडला. कट्‌ असा आवाज झाला. एवढंसं काम होतं ते.

तिसरा निबंध बेनिटानं एका बैठकीत लिहिला. नीला आंटींना वाचून दाखवला तेव्हा मी शेजारीच होतो. त्यात वाळवंट नव्हतं, सण नव्हते. दाराजवळचा बाक होता, आणि पलंगावरची एक म्हातारी. तिच्या डोक्यावरून सगळे बोलताहेत आणि तिला कळतंय, हे बेनिटानं बाकावरून ओळखलं होतं, कारण ती स्वतःही घरात तशीच बसायची. तिनं लिहिलं होतं, की मी इंग्रजी, मराठी आणि इथली अरबी अशा तीन भाषा समजणारी आणि त्यांतल्या दोन भाषांत गप्प बसणारी मुलगी आहे. गप्प माणसाला काही समजत नाही असं सगळे धरून चालतात. मी तसं कधी धरून चालणार नाही. तुमच्या वर्गात मी एवढंच घेऊन येईन. माझ्या शेजारी बसणाऱ्याला मी एक गोष्ट दाखवू शकेन, की आधी खुर्ची ओढून बसायचं असतं. हे मी माझ्या आईकडून शिकले, आणि म्हातारीला काय हवंय ते तिला तिच्या आईच्या पदरावरून कळलं होतं.

नीला आंटींनी एकही शब्द खोडला नाही. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला.

मार्चमध्ये निवड झाल्याचं कळलं. आलोशियसनं अख्ख्या इमारतीला पेढे वाटले, नीला आंटी जिन्यातच रडल्या. ऑगस्टमध्ये बेनिटा गेली. विमानतळावरून आलोशियस एकटा परत आला, त्यानं दिवा लावला, एसी लावला, पुन्हा बंद केला, आणि माझ्यासमोर येऊन बसला. त्याला काही भरायचं नव्हतं, काही ऐकायचंही नव्हतं. पुढे तो रोजच असा बसू लागला. ज्या पोरीसाठी आयुष्यभर राबला ती जिंकून दूर गेली होती, आणि घरात बोलायला मीच उरलो होतो.

नाताळाच्या आठवड्यात अमेरिकेहून एक पाकीट आलं. आत कॅसेट. तिच्यावर ठळक अक्षरांत नाव, तारीख, आणि पाठीवरचे दोन्ही तुकडे आधीच मोडलेले. आलोशियसनं ती लगेच लावली नाही. आधी त्यानं खिडक्या लावल्या. एसी बंद होता तरी जाऊन तपासला. मग त्यानं जुनी कॅसेट काढली, शेवटाजवळ आणली, आणि कॅरोलिन म्हणाली, "...बोलत नाय, एवढंच. बोल गे बाय, आजीशी बोल." उत्तराच्या जागेपाशी त्यानं मला थांबवलं आणि नवी कॅसेट घातली.

आधी शांतता. मग खाकरणं, अगदी आईसारखं.

"हॅलो... आय?" बेनिटा म्हणाली. जन्मभर ती आईला ममा म्हणत आली होती. "आय, मी बेनिटा बोलते. मी बरी हाय. माझा मराठी वाईट हाय, तू हसू नको. मी बोलते हाय, आय. मला उशीर झाला."

आणि तिनं जागा सोडली. उत्तरापुरती.

आलोशियस त्या जागेत काही बोलला का, हे विचारू नका. तो मोठ्यानं रडला. लेकीची ती कॅसेट पुढे कुणाच्या तरी सामानातून वसईला गेली. आजी ती उशाशी घेऊन झोपते आणि परत द्यायला तयार नाही, असं पायसनं कळवलं.

मित्रांनो, त्यालाही आता दोन वर्षं झाली. माझ्या आतला पट्टा सैल पडला आहे, आणि एका संध्याकाळी कॅरोलिनची कॅसेट ऐकता ऐकता ती आतच अडकली. मधे आलोशियस मला तुबली गावात एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला होता. त्यानं मला हलवून पाहिलं आणि म्हणाला, "मफी. पार्ट नहीं आता इसका. खलास. नया लो, बाबा." झाकण फोडून कॅसेट तरी काढून देतो म्हणाला, पण फीत तुटेल या भीतीनं आलोशियसनं त्याचा हात धरला. म्हणून कॅरोलिनची ती कॅसेट माझ्या पोटात तशीच आहे. ती मला ऐकवता येत नाही, पण मी ती कुणाला पुसूही देत नाही. आयुष्यभर मी आवाज भरले आणि आवाज पुसले. आता एक तेवढा सांभाळून आहे.

तुमच्या घरातही कुणाचा तरी आवाज एखाद्या खणात, विनाचिठ्ठीचा पडलेला असेल. आज त्याच्यावर नाव घाला. पाठीवरचा तो इवलासा तुकडा मोडून टाका. आणि बोलणारं माणूस अजून घरात असेल, तर माझ्याकडे येण्याआधी त्याच्याकडे जा. ते बोलता बोलता थांबतं ना, ती जागा तुमची असते. तिथं तेव्हाच बोला.